आईच्या पदरातली मुळी

माझ्या आईने मला फसवलं. खोकल्याच्या काढ्यात काय पडतं, ते तिने लेकीला न सांगता सुनेला सांगितलं.

आज माजलगावात, माझ्या मसाल्याच्या दुकानामागे अडुळसा उकळत ठेवला आणि त्या कडवट वासाने माहेरची, धारूरची चूल समोर आली. त्या दिवशीही पाला मीच डोंगरातून आणला होता, आलं मीच ठेचलं होतं. शेवटची मुळी तेवढी आईच्या पदराच्या गाठीत होती. नवी वहिनी शेजारी येऊन बसली, तशी आई मला म्हणाली, "जा गं, शेळीला पाणी दाव."

परत आले तर पाटा धुतलेला. मी विचारलं, तेव्हा ती काढा ढवळत म्हणाली, "लेकीला सांगितलं की गुण परक्या घरी जातो, बाई."

मूठभर धण्यांवरून बाजार डोक्यावर घेणारी मी, तेव्हा नुसती चुलीत लाकूड सारत राहिले. आई गेली तेव्हाही रडू आलं नाही. काल वहिनीलाच विचारलं.

"लई दिस झाले, वन्सं. ध्यानात न्हाई. आमी आता दुकानातली बाटलीच आणतो."

दादा, तू त्या दिवशी उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत होतास. गुण घरातच ठेवायचा होता ना? मग कुठे ठेवलात, ते सांग.