सरांचं उभं राहणं

"उभं राहायला काय डिग्री लागती व्हय?"

हे आमच्या पीटीच्या सरांचं वाक्य. शिट्टी दातांत धरूनच ते बोलायचे, त्यामुळे 'व्हय'च्या शेवटी बारीक फुर्र व्हायची. ओतूरच्या शाळेत त्यांच्या हाताखालून गेलेल्या कुणालाही विचारा. तुमच्याही शाळेत असे एक सर असतीलच, ज्यांची देशसेवा दुसऱ्यांना उन्हात उभं करण्यात होती.

झेंडावंदनाचे पाहुणे हमखास उशिरा यायचे. पाहुणे म्हणजे कुणीतरी पुढारी, आणि त्यांना एका सकाळीत चार गावं उरकायची असायची. तोवर आम्ही सावधान. आठवीत असताना मी अशीच भोवळ येऊन पडले आणि हनुवटीला तीन टाके पडले. सर म्हणाले, "नाटक करती. पाणी मारा तोंडावर."

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी सगळ्या वर्गाला एक युक्ती शिकवली. बुटाच्या आत बोटं आवळायची, पोटऱ्या घट्ट करायच्या, मग सोडायच्या. रक्त वर चढतं आणि चक्कर येत नाही. "पाव्हण्याला कळता कामा न्हाई," एवढीच अट.

पुढे मी ईसीजी काढायला शिकले. करोना ओसरल्यावर पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंच्या संशोधनात जुन्नरला कामाला लागले. करोना होऊन गेला, पण नुसतं उभं राहिलं तरी ज्यांच्या छातीत धडधडतं, अशा लोकांचा तो अभ्यास. तपासणी अगदी साधी. दहा मिनिटं आडवं पडायचं, मग दहा मिनिटं न हलता उभं राहायचं, आणि नाडीचे ठोके मी लिहायचे. उभं राहिल्यावर ठोके आडवं असतानापेक्षा तीसहून जास्त वाढले, वाढलेलेच राहिले, तर नाडी आणि रक्तदाब आपोआप सांभाळणारी शरीराची यंत्रणा बिघडली असावी, असं धरून पुढचे उपचार. थोडक्यात, आमच्याकडे नापास होण्यातच फायदा.

एके दिवशी दारात सर उभे. उभे कसले, चौकट धरून लोंबकळत होते. सोबत त्यांच्या घरच्या काकू.

"अंघोळ बसून, दाढी बसून, देवाला हात जोडायचे तेबी बसून," काकू सांगत होत्या. "उभं राहिलं की काळीज उडतंय, जनू उसातनं बिबट्याच निघाला. पोरं म्हनत्यात, बाबांचं मनाचं हाय."

नाटक, मी मनात म्हणाले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं मला.

सर आडवे पडेनात. "तुझ्यासमोर? शिकवलंय तुला मी." शेवटी पडले, तेही सावधानमध्येच. हात शिवणीला, टाचा जुळलेल्या. जित्याची खोड! उभं राहायच्या वेळी त्यांनी पांढरे कॅनव्हासचे बूट चढवले. "अनवाणी उभं राहायला ही काय आरती हाय?"

आडवे असताना अठ्ठ्याहत्तर ठोके. उभे राहिल्यावर शहाण्णव, फार तर अठ्ठ्याण्णव. चेहरा घामानं डबडबलेला आणि आकडे मात्र शहाण्यासारखे. मी खाली पाहिलं. बुटांची टोकं फुगत होती आणि बसत होती. जन्मभर कॉपी पकडणारा माणूस माझ्या देखत कॉपी करत होता.

मी थांबवायला हवं होतं. मी आकडे लिहिले आणि गप्प बसले.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून सांगितलं की या तपासणीत तरी काही दोष दिसत नाही. सर काकूंकडे वळले. "बघ, पास. औंदा झेंड्याला उभा राहनार." निवृत्तीनंतरही शाळा त्यांना सलामीचा हुकूम द्यायला बोलवायची. मागच्या वर्षी त्यांनी तो खुर्चीतून दिला आणि लोक हसले. त्या हसण्याला उत्तर द्यायचं, म्हणून हा सगळा खटाटोप.

पंधरा ऑगस्टला पाहुणे शिरस्त्याप्रमाणे उशिरा आले. तोवर सर झेंड्याच्या खांबाजवळ कोसळले होते. मनगट मोडलं. काकूंनी फोनवर सांगितलं, "मागनं कुनीतरी म्हनलं, म्हाताऱ्याचं नाटक हाय."

दुसऱ्याच दिवशी मी ओतूरला गेले. सर पलंगावर टेकून बसले होते, हात गळ्यात.

"सर, तुम्ही बुटात बोटं आवळत होतात."

"दिसलं तुला?"

"हो."

"मंग बोलली का न्हाईस?"

माझा हात हनुवटीकडे गेला. त्यांनी तिथल्या टाक्यांच्या खुणेकडे पाहिलं.

"लई येळ उभं करायचो का मी तुमाला?"

"हो सर. आणि मी नाटक करत नव्हते."

"आता कळतंय," ते म्हणाले.

"पण माझं चुकलं, सर. फार चुकलं." मला रडू आलं. काकूंनी चहा पुढे केला.

बाईंना सगळं सांगितलं आणि पोटभर बोलणी खाल्ली. पहिला कागद बाद झाला. महिन्याभरानं पुन्हा तपासणी, या वेळी अनवाणी. सहाव्या मिनिटाला ठोके एकशे तीस. सरांनी विचारलं, "बसू का?" त्यांनी कुणाकडे परवानगी मागितलेली मी पहिल्यांदाच ऐकली. नापास झाले एकदाचे. मग भरपूर पाणी, बाईंनी ठरवून दिलेलं मीठ, एक गोळी आणि मांडीपर्यंतचे घट्ट मोजे, ज्यांना ते अजून 'बायकांचे' म्हणतात. बाईंनी उभं राहायची मुभा दिली ती फक्त राष्ट्रगीतापुरती.

सव्वीस जानेवारीला मी मुद्दाम गेले. पाहुण्यांचा पत्ता नव्हता. सरांनी खुर्चीतूनच माइक मागून घेतला.

"शाळा, खाली बस."

असा हुकूम त्या मैदानानं कधी ऐकला नव्हता. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मुख्याध्यापक धावत आले, "अहो सर, पाहुणे येतील."

"येऊ द्या. आले की उठू आमी."

रांगेमागून रांग बसली. मागे भिंतीपाशी मी एकटीच उभी राहिले, सवयीनं.

"मागची ती, हनुवटीवाली," माइकमधून आलं. "तुला येगळं सांगू व्हय? बस."

मी मातीत बसले.

पाऊण तासानं पाहुणे आले आणि झेंडा वर गेला. राष्ट्रगीताला सगळं मैदान उठलं. सरही उठले, एका हातानं खुर्चीची पाठ धरून. मी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. टोकं हलत होती.