घाणासूर आणि सलीममामा

तास चालू असताना मी फोन घेत नाही, हे माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी नांदेडला क्लासमध्ये मूत्रपिंडाची आकृती काढत होते आणि टेबलावर फोन थरथरतच राहिला. शेवटी चिडून घेतला. लातूरहून शहनाजमामी होती. "शोभा, तुझे मामा गेले गं..." एवढंच बोलली. मी फळ्याकडे वळले, आकृती पूर्ण केली, नावं दिली आणि मग खुर्चीत बसले. पुढं त्या तासाला काय झालं, मला आठवत नाही.

सलीममामा माझे रक्ताचे कुणी नव्हते. लातूरला त्यांचं व्हिडिओ सेंटर होतं. लग्न, बारसं, गणपती, जिथं बोलावणं येईल तिथं टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं घेऊन जायचे. सिनेमा परदेशी असला की पडद्याशेजारी उभं राहून आपल्या बोलीत सगळा सांगायचे, नायिकेचा आवाजसुद्धा काढायचे. स्वभाव मात्र असा खडूस की विचारू नका. दुकानात लाल अक्षरांत पाटी होती, 'कॅसेट रिवाइंड करूनच परत द्यावी.' पट्टी मागं न फिरवता तशीच आणून देणाऱ्याला दारातूनच हाकलायचे. "जेवल्यावर ताट उचलतोस का न्हाई? मग हे उष्टं माझ्यासाठी ठिवलंस व्हय?"

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि आमच्या गावात नव्हते. मावशीकडं लातूरला गणपती बघायला गेले होते. गणपती बुडवून गाव झोपलं ते उठलंच नाही. आई, अण्णा, धाकटी दोघं... माझं घर म्हणून मला एक दगडांचा ढीग दाखवला. काका-काकू शेतात राखणीला होते म्हणून वाचले. त्यांच्याबरोबर मी पत्र्याच्या शेडात राहायला लागले. काकूचीही लेक त्या रात्री घरातच होती, तिच्या जिवाची काय आग होत असेल हे आज समजतं. तेव्हा फक्त तिचा शब्द समजायचा. "पांढऱ्या पायाची! समद्या घराला खाऊन बसली." नळावर बाया मला रांगेत पुढं जाऊ द्यायच्या, मायेनं नव्हे, जवळ नको म्हणून. आणि मला ते खरं वाटायचं. मी दगडानं पाय घासायचे, पार रक्त येईस्तोवर.

वर्ष फिरून गणपती आले, पण बसवायला कुणाचा हात धजेना. लेकरांनी तोंड उघडून हसावं म्हणून गावातल्या तरण्या पोरांनी लातूरहून व्हिडिओ मागवला. सलीममामा दुपारीच आले. नळावर हातपाय धूत होते तेव्हा काकूचं माझ्या नावानं चाललेलं त्यांनी ऐकलं. नुसतं माझ्या पायांकडं बघितलं.

दिवेलागणीला सिनेमा सुरू झाला. कुठल्या देशाचा, कोण जाणे. समुद्रातून एक जनावर निघतं, डोंगराएवढं, अंगातून काळं डांबर गळतंय, श्वास सोडला की झाडं वाळून कोळ होतात. मामांनी त्याचं नाव ठेवलं घाणासूर. आमच्यापैकी कुणी समुद्र बघितला नव्हता, मामांनीही नाही. "मांजरा धरण भरलं की दिसतं तसं, पर दुसरा काठच न्हाई," असं ते म्हणाले. लेकरं हसायला लागली. आणि मग घाणासूर गावात शिरला आणि घरं पडायला लागली.

अरे, काय तो माणूस! भूकंपानं गाडलेल्या गावाला घरं पडताना दाखवतोय! लेकरांना हसवायच्या नादात त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाया किंचाळल्या. कुणी पदरात तोंड घातलं. "बंद कर रे मुडद्या!" म्हणून काकू उठली. मामांचा हात बटणावर गेला. आणि मी, वर्षभर तोंड न उघडलेली, ओरडले, "मामा, ह्याला कुणी आणलं ते सांगा!"

त्यांनी बटण दाबलं, पण पट्टी मागं न्यायचं. पहिल्यापासून लावली. कारखान्याचा नळ, त्यातून समुद्रात पडणारं काळं पाणी, त्या पाण्यात वळवळणारा एवढासा जीव. "हे बघा," मामा म्हणाले, आणि माझ्याकडं नाही, काकूकडं बघून म्हणाले, "नळाच्या घाणीतून आला. कुन्या पोरीच्या पायानं न्हाई आला. आन् आपल्यावर आलेलं तर जमिनीच्या पोटातलं व्हतं, बाई. तेला पोरगी काय करंल?" काकू मटकन खाली बसली. रडली. पुढं ती मला कधी जवळ घेऊ शकली नाही, खोटं कशाला सांगू, पण तो शब्द तिनं गावासमोर पुन्हा काढला नाही.

सिनेमा मात्र संपलाच नाही. शेवट जवळ आला आणि मामांनी खट्‌कन बंद केला. "पट्टी खाल्ली मशीननं."

पुढं मी अकरावीला लातूरला आले. तोवर केबलनं सेंटर बुडवलं होतं आणि मामा-मामी त्याच जागेत क्लासच्या पोरापोरींची मेस चालवत होते. गल्लीगल्लीत क्लास, खोलीखोलीत चार-चार खाटा, रडवेली तोंडं. डॉक्टरकीला माझा नंबर लागला नाही तेव्हा मी जेवण सोडलं. मनात तोच जुना शब्द उठून बसला होता. मामा ताट घेऊन आले, समोर बसले. मी म्हटलं, "घाणासूर मेला कसा, ते तरी सांगा." दर वेळी ते नवा शेवट सांगायचे. कधी तो उन्हानं वाळायचा, कधी आपल्याच वासानं गुदमरायचा. त्या दिवशी म्हणाले, "मेला न्हाई. लोकांनी नळ बंद केला, तो बारीक बारीक होत गेला. तू जेव आधी." मी जेवले. मग बीएस्सी केलं, शिकवायला लागले.

मामा गेल्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर लातूरला गेले. मामीनं न विचारता घाणासुराची ती कॅसेट हातात ठेवली. म्हटलं, "मामी, पट्टी दुरुस्त करून बघू या का?"

"पट्टीला काय झालंय?" मामी म्हणाली. "चांगली हाय की. आखरी में गाववाले एक छोकरी को समिंदर में छोडते. वो गई तो जनावर बी जाता." मग चुलीत लाकूड सारून माझ्याकडं बघत, "उस बच्ची के सामने ये नक्को, बोले उनो. उसके बाद किसी को दिए बी नहीं."

मला रडू आवरलं नाही... मी त्या चुलीपुढं, मेसच्या पोरींसमोर, हंबरडा फोडून रडले.

कॅसेट आता नांदेडला माझ्या टेबलावर आहे. तिच्या खिडकीतून डावीकडच्या चक्रीवर थोडीशी पट्टी शिल्लक दिसते, त्या संध्याकाळी होती तेवढीच. साऱ्या लातूरशी रिवाइंडसाठी भांडलेल्या माणसानं ही एक कॅसेट तशीच ठेवली. मीही ती फिरवणार नाही.