चादरीची घडी आणि संपत आलेले सेल

पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा आक्का म्हणाल्या, "अगं, तोंड उघड की जरा. गळा माझा कापणार आहेत, तुझा नाही."

हे असलं बोलणं आमच्या आक्कांनाच जमतं. आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आम्ही घशाच्या डॉक्टरांकडून परत येत होतो. बस आमच्या डोळ्यांदेखत सुटली, आणि "दुसरीची वाट बघत फलाटावर बसले तर तू रडायला लागशील, त्यापेक्षा चल," असं म्हणून आक्कांनी चालायला सुरुवात केली होती. घर लांब होतं. माझ्या चपला नवीन होत्या. पण आजारी माणूस पुढे चालत असताना धडधाकट माणसाने टाच दुखते म्हणून थांबायचं कसं?

डॉक्टरांनी सांगितलं होतं की घशात आवाजाच्या जागी गाठ आहे, पुढच्या आठवड्यात काढावी लागेल. जिवाला धोका नाही. बोलता येईल, थोडं घोगरं. मग पेनाचं टोपण दोनदा काढून दोनदा लावलं आणि म्हणाले, "गाणं मात्र विसरायचं, आजी."

"मी कुठं गाते?" आक्का म्हणाल्या. "गाते ही." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने लोक दुकानातल्या शिळ्या पावाकडे बघतात.

पण त्यात खोटं काही नव्हतं. मी गाते. म्हणजे गात होते. आमचा एक बँड होता, आणि त्याला लोक 'गॅरेजवाले' म्हणायचे, कारण आमचा सराव एका बंद पडलेल्या गॅरेजमध्ये चालायचा. माझे यजमान फ्रिज दुरुस्त करतात. ते गिटार वाजवायचे. धाकटा दीर ड्रम बडवायचा. पोस्टातला एक लंबूटांग पोरगा बासरी वाजवायचा आणि बाकीच्या वेळी चहा आणायचा. आम्ही जुन्या लोकगीतांच्या चालीची गाणी गिटार-ड्रमवर वाजवायचो. तेव्हा कुणीतरी आम्हाला सांगितलं की याला फोकरॉक म्हणतात. आम्हाला ते औषधाचं नाव वाटलं होतं.

मला बँडमध्ये घेतलं ते गाता येतं म्हणून नव्हे. माझं गाणं म्हणजे संध्याकाळी देवापुढे दोन ओळी, त्याही देवाने कानावर हात ठेवू नये इतक्या हळू. पण घरात वर चढणारा आवाज माझाच होता. तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला हाका मारून मारून तो तयार झालेला. बँडला एवढाच लागत होता.

आता बँड म्हटला की गाणी हवीत. आमच्याकडे वाद्यं होती, उत्साह होता, दिराचे लांब केस होते. गाणी नव्हती. ती होती आक्कांकडे.

आक्का तेव्हा दुसऱ्या गावी होत्या. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात नवरा-बायको दोघंही कामाला. वाफेने भरलेल्या त्या खोलीत दिवसभर पांढऱ्या चादरी. धुवायचं काम यंत्राचं, घड्या मात्र माणसांच्या. मोठ्या चादरीची घडी एकट्याला येत नाही. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, चादर ताणायची, झटकायची, मग एकमेकांकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, एकाने सोडायचं, पुन्हा मागे जायचं. आक्कांचं आणि भावोजींचं लग्नानंतरचं सगळं बोलणं त्या चालत येण्यात झालं म्हणे. घरी दोघंही थकून झोपायचे.

मग भावोजी गेले. छातीत दुखलं, आणि त्याच हॉस्पिटलच्या, बहुतेक आक्कांनीच घडी घातलेल्या चादरीवर गेले. आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. लिहायला त्यांना कंटाळा. पण काम करता करता ओळी जुळवायला लागल्या, आणि जुळवलेल्या ओळी मनातच ठेवायला लागल्या. आमच्या यजमानांना हे कळलं तेव्हा त्यांनी निरोप धाडला: ताई, तुझी गाणी टेप करून पाठव, आम्ही वाजवू.

टेप आली. एका बसच्या ड्रायव्हरने आणून दिली. आम्ही गॅरेजमध्ये गोल करून बसलो आणि बटण दाबलं.

आणि ऐकतो तर काय! बारीक, उंच, टणाटण उड्या मारणारा आवाज. जणू दहा वर्षांची मुलगी दोरीवरून उड्या मारत गातेय. दीर म्हणाला, "ताईचा आवाज असा कसा?" यजमान म्हणाले, "टेपवर सगळ्यांचेच आवाज बदलतात. माझा ऐकलास का कधी?" हे सांगणारा माणूस पंख्याच्या नुसत्या आवाजावरून सांगतो की तो हळू का फिरतोय. पण बहिणीच्या बाबतीत त्याचा कान सुट्टीवर गेला होता. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ही पट्टी तुलाच जमेल."

जमली. म्हणजे जमवली. सरावाच्या आधी मी देवाचं नाव घ्यायचे आणि मग पायाच्या बोटांवर उभी राहून गायचे. तेव्हापासून माझं नाव पडलं चिमणी. लोकांना वाटायचं लाडाचं नाव आहे. तसं काही नव्हतं.

पण गाणी चालली हो! त्यातलं चादरीचं गाणं तर इतकं चाललं की लग्नाच्या वरातीत लोक ते आमच्याकडून दोन-दोनदा म्हणवून घ्यायचे. 'दोन टोकं तुझ्याकडं, दोन माझ्या हाती, चादरीच्या घडीमध्ये सरून गेल्या राती.' लोक टाळ्या वाजवत एकमेकांकडे धावायचे, पुन्हा मागे धावायचे. शेवटचं कडवं होतं: 'आता तुझी दोन टोकं खिळ्याला मी बांधते, घडी घालता घालता मी एकटीच नांदते.' इथे दिराने स्वतःच्या डोक्याने एक करामत घातली होती. 'खिळ्याला' म्हटलं की ड्रमवर ठोक ठोक ठोक. आणि मी हातातल्या खंजिरीने हवेत खिळा ठोकायचे. लोक हसून हसून लोळायचे.

पुढे आक्का आमच्या गावात आल्या, बाजाराच्या मागच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान टाकलं. आमच्या कार्यक्रमांनाही यायच्या. शेवटच्या रांगेत बसायच्या, टाळ्या वाजवायच्या, आणि नंतर भेटायला आल्या की एवढंच म्हणायच्या, "दमलीस ना गं चिमणे?" मला वाटायचं काळजीने विचारतात.

तर पुलावर आक्का म्हणाल्या, तोंड उघड. डॉक्टरांचं ते टोपण डोक्यात वाजत होतं. मनात म्हटलं, यांना हसवावं. आणि मी चादरीचं गाणं सुरू केलं. तसंच, बँडमध्ये म्हणायचे तसं. वय विसरून पायाच्या बोटांवर. पहिल्याच ओळीला दम लागला. दुसऱ्या ओळीला कठड्याला धरलं. शेजारून एक सायकलवाला गेला, त्याने वळून पाहिलं आणि घंटी वाजवली. मला वाटतं दया म्हणून.

आक्का कठड्याला टेकून हसत होत्या. घसा दुखत होता तरी हसत होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "एक विचारू? राग मानू नकोस. तुम्हाला एवढी घाई कसली होती गं?"

"कसली घाई?"

"गाण्याची. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, यांच्या मागे कुत्रं लागलंय."

"आक्का, तुम्हीच तशी गायलात की! टेपवर."

"मी?" आक्का थांबल्या. "अगं, मी तर रडगाण्यासारखी गायले होते. मलाच कंटाळा आला होता गाताना. त्यात तो टेप, मेला, सेल संपत आलेले त्याचे. चाक कसं फिरत होतं, म्हाताऱ्यासारखं. घर्र... घर्र... म्हटलं, चालतोय तोवर उरकून घ्यावं, नवीन सेल कोण आणणार? शेवटचं गाणं झालं आणि त्याने मान टाकली. मी परत ऐकलंसुद्धा नाही. तशीच ड्रायव्हरच्या हाती दिली."

मी पुलावर उभी. खालून पाणी जात होतं. फ्रिजवाल्याची बायको आहे मी. सेल, मोटर, फिरणं हे सगळं रोज जेवताना कानावर पडतं. सेल संपत आले की टेप हळू फिरते. हळू फिरणाऱ्या टेपवर भरलेलं गाणं चांगल्या टेपवर लावलं की ते धावत सुटतं. आणि आवाज बारीक होतो. चिमणीसारखा.

म्हणजे आम्ही, आमचा तो फोकरॉक, आमची ती शैली, ज्याच्याबद्दल एका वर्तमानपत्रात 'अवखळ' असं छापून आलं होतं आणि आम्ही ते कात्रण फ्रेम करून लावलं होतं, ते सगळं दोन सेलचं काम. मी आयुष्यातली ऐन वर्षं पायाच्या बोटांवर काढली ती दोन सेलपायी.

"आक्का," मी म्हटलं, "तो खिळा..."

"हां. तो खिळा." आक्का चालायला लागल्या. "हे गेल्यावर माझ्या समोर उभं राहायला कुणी नव्हतं. दुसऱ्या बायका आपापल्या जोडीने. मग मी भिंतीला दोन खिळे मारले, त्यांना दोन टोकं अडकवायची आणि एकटीच चालत जायची. भिंतीपर्यंत जायची आणि परत यायची."

मी हवेत तो खिळा किती वेळा ठोकला असेल, देव जाणे. देवाला नक्की माहीत आहे, म्हणून तर भीती.

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोलणार होते. पहिल्याच कार्यक्रमात. स्टेजच्या मागे येऊन सांगणारच होते की थांबवा हा तमाशा. पण लोक एकमेकांकडे धावत येत होते ना? एक म्हातारा-म्हातारी होती, तीही. टोकाला टोक लावल्यासारखी. वाटलं, असू दे. गाणं माझं असलं तरी नाच त्यांचा आहे." थोडं चालल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "आणि मला वाटलं, तुम्ही मुद्दाम केलंय. नवीन पोरं, नवीन काहीतरी. मी अडाणी बाई, कशाला नाक खुपसू?"

"आम्ही काय शिकलेले! आम्हाला सेल कळले नाहीत."

"ते खरं," आक्का म्हणाल्या, आणि पुन्हा हसल्या.

बाजाराच्या मागच्या गल्लीत पोहोचलो. दुकानाचं शटर आक्कांनी अर्धं वर केलं, आम्ही वाकून आत गेलो. इस्त्री थंड होती. टेबलावर कुठल्याशा लॉजच्या चादरी धुऊन आलेल्या, न घडी केलेल्या पडल्या होत्या. मी टाच चोळत स्टुलावर बसले आणि पर्समधून मोबाईल काढला.

"आक्का, एक काम करू. तुम्ही आत्ता गा, जसं असेल तसं. मी यात भरून घेते. चार्जिंग पूर्ण आहे, शपथेवर."

आक्कांनी मोबाईल माझ्या हातून घेतला आणि इस्त्रीच्या शेजारी पालथा ठेवला.

"टेप बघितली एकदा. पुरे." मग त्यांनी घसा खाकरला. "हे गाणं जसं होतं तसं कुणालाच माहीत नाही. एक ते होते, ते गेले. एक मी. आणि पुढच्या आठवड्यानंतर मीही नाही, म्हणजे असेन, पण माझा हा नसेल," असं म्हणून त्यांनी गळ्याला बोट लावलं.

मला रडू येत होतं, म्हणून मी बडबडले. "मला नाही जमणार. मी चिमणी. माझं हळू गाणं ऐकलंत तर तुम्ही ऑपरेशन आजच करून घ्याल."

"जमेल. तुला गायचं नाहीय, चालायचंय."

ढिगातली सगळ्यात मोठी चादर त्यांनी ओढून काढली, दोन टोकं माझ्या हातात दिली आणि मागे मागे जात पार शटरपर्यंत गेल्या. चादर ताणली. झटकली. मग माझ्याकडे चालत यायला लागल्या आणि येता येता, दुखऱ्या घशाने, जेमतेम ऐकू येईल अशी पहिली ओळ म्हटली. ती ओळ इतकी सावकाश होती की मधे कुठेतरी मी श्वास सोडला, पुन्हा घेतला, तरी ती संपली नव्हती. टोकाला टोक लागलं तेव्हा संपली.

"कळलं?" आक्कांनी विचारलं. त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर, हातात चादरीची चार टोकं एकत्र.

मी मान हलवली. खरं तर कळलं नव्हतं.

"मग ऐक. घशाला टाके पडल्यावर मी पुन्हा दुकान उघडणार आहे. चादरी येतच राहतील. भिंतीला खिळे आता मी नाही मारणार. तू रोज सकाळी इथे ये, तुझी पूजाबिजा आटोपून, आणि माझ्यासमोर ही दोन टोकं धरून उभी राहा. मी नुसती चालत येईन. गाशील तू. आणि चिमणे, पायाच्या बोटांवर नाही, टाच टेकून."