हिरव्या पाण्याखाली

काल कुंडीत कोळशाची भुकटी कालवताना ओला वास आला आणि मला मैंदर्गीजवळचं ते तळं आठवलं. शेतांतलं खत वाहून येऊन त्यावर हिरवी साय धरली होती. पाणी निवळावं म्हणून आम्ही तुरकाठ्यांचा कोळसा पोत्यांत भरून, दगड बांधून तळ्यात सोडत होतो. तराफ्यावर मी आणि गावातल्या एक मेंढपाळ बाई. पोतं ढकलताना त्याची दोरी माझ्या पायाला अडकली आणि मी त्याच्यासोबत खाली गेले. डोळे उघडले तरी नुसता हिरवा काळोख. पाय झटकावा तितकी दोरी आवळत होती. वरून बाईंचा आवाज अस्पष्ट येत होता, "हात वर कर की, पोरी!" मी हात वर केला, पण बोटांना शेवाळच लागलं. छाती फुटायला आली. तेवढ्यात कुणीतरी मनगट पकडलं. बाई लुगड्यासकट पाण्यात उतरल्या होत्या; एका हातानं तराफा धरून त्यांनी मला पोत्यासकट वर ओढलं. काठावर मी ओकत होते आणि त्या लुगडं पिळत होत्या. म्हणाल्या, "मला कुटं पवायला येतंय गं!" आता पाणी निवळून तिथं तळ दिसतो म्हणतात. बघायला जायचा धीर मला अजून झालेला नाही.