धूर कमी झाला तरी

“हा जुनाच आजार आहे. आता हाडात आला आहे,” असं डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा मी पाठीवरचा पदर सारखा करत होते. पाठीवर बिब्ब्याचे डाग होते. मला त्यांची लाज वाटत होती.

ते डाग माझ्या मोठ्या नणंदेनं दिले होते. त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो. मोहाची फुलं वेचताना वाकून वाकून सगळ्यांचीच कंबर धरते, तशी माझीही धरली असं घरात वाटलं. बिब्बा झाला, तेल झालं, धानोऱ्याच्या दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या. पण निजल्यावरही दुखणं थांबेना. छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली होती. ते दुखणं वेगळं, हे वेगळं, असं धरून मी दवाखान्यात त्याचं नावही काढलं नाही. तुमचं असं ऑपरेशन झालं असेल आणि पाठ किंवा मांडी दुखत राहिली, तर आधी ते सांगा. लाजू नका.

शेवटी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो, तिथं रक्त घेतलं. त्यात ट्यूमर मार्कर पाहतात. कॅन्सरच्या पेशींतून एक पदार्थ रक्तात उतरतो, त्याचं ते माप. माझ्या कागदावर सीए १५-३ लिहिलं होतं आणि आकडा फार वाढलेला होता. मग बोन स्कॅन झाला. शिरेतून औषध देतात, बाकावर बसवून ठेवतात आणि मग सगळ्या हाडांचा फोटो काढतात. कमरेच्या मणक्यात काळे ठिपके होते. जिथं दुखत नव्हतं, त्या बरगडीत आणि मांडीतही होते.

डॉक्टरबाईंनी गाव विचारलं. मग म्हणाल्या, “फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पाला जाळता ना तुम्ही? लांबून धूर दिसतो, पण आग कोणत्या झाडाखाली ते कळत नाही. रक्तातला आकडा म्हणजे धूर. आग कुठं आहे ते फोटोत दिसलं.”

कमरेला किरणांचे शेक दिले. हाडांसाठी सलाइनमधून औषध आणि रोजची गोळी सुरू झाली. हाड आतून पोकळ झालं आहे, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं बजावलं.

पुढच्या तपासणीत आकडा उतरला. औषध आणायला आमचे हे खाली गेले होते, तेव्हा मी हळूच विचारलं, बरी झाले का? डॉक्टरबाई म्हणाल्या, “आजार दबला आहे. गेलेला नाही. तो पुरता जाणार नाही, पण आपण त्याला दाबून ठेवू.”

ह्यांना वाटलं, ताप उतरतो तसा आजार उतरला. बसमध्येच दोघातिघांना सांगून झालं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. माझ्याच्यानं खरं सांगवलं नाही.

मोहाचे दिवस आले. बाईंनी भरलेली टोपली माझ्यापुढं ठेवली आणि उचल म्हणाल्या. मी उभीच राहिले.

“कागदावर तं बरी झाली म्हनते, अन् कामाच्या वक्ती कंबर दुखते काय वं?”

बाईंपुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. हेही तिथंच होते.

“मले नाई उचलता येत, बाई. हाड मोडन. धूर कमी झाला, पन विस्तव हाये अजून. तो जात नाई म्हने.”

ह्यांनी हातातली फुलं तशीच धरली. बाईंनी टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि त्या निघून गेल्या. ह्यांनी फक्त एवढंच विचारलं, “मले काऊन नाई सांगतलं?”

दुसऱ्या दिवशी झाडापासून लांब, सावलीत बाज टाकलेली होती. बाई म्हणाल्या, “इथी बस. पाला जाळून राह्यलो आमी. आग रानाकडं सरकली तं हाक मार.”

तेव्हापासून तेच माझं काम. दुखणं आहे, रात्री भीतीही वाटते. रक्त तपासायला जायचे दिवस जवळ आले की जेवण जात नाही. पण आग सरकली की मी हाक मारते. आता माझी हाक पार नाल्यापर्यंत ऐकू जाते.