व्याह्यांची अकरा रिळं

जे हलत नाही त्याचा सिनेमा काढायचा आणि जे एका जागी ठरत नाही त्याचा फोटो काढायचा, हे उफराटं काम आमच्या व्याह्यांइतकं मन लावून जगात दुसऱ्या कुणी केलं नसेल. तरुणपणी ते चार वर्षं कॅनडाच्या पार उत्तरेला, एका मोठ्या तळ्याकाठच्या वस्तीत शाळामास्तर होते. तिथं त्यांच्याकडे दोन कॅमेरे होते. सिनेमाच्या कॅमेऱ्यानं त्यांनी तेलाची पिंपं घेतली, शाळेचं दार घेतलं, पाण्याची टाकी घेतली, आणि गोठलेलं तळं तर चारी बाजूंनी घेतलं. फोटोच्या कॅमेऱ्यानं गाडी ओढत पळणारी कुत्री घेतली, आणि मध्येमध्ये वस्तीतली माणसंही. त्यामुळे त्यांच्या सिनेमात काहीच घडत नाही आणि त्यांच्या फोटोंत कुत्र्यांऐवजी करडे पट्टे दिसतात. "हा पट्टा म्हणजे सगळ्यांत पुढचा कुत्रा. फार हुशार होता," असं ते पट्ट्यावर बोट ठेवून सांगतात. मी म्हणते, "असेल बापडा."

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी मुलगी जर्मनीत वाल्डॉर्फला असते, जावई तिथल्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दिवाळी झाली की मी मिरजेहून आणि व्याही पुण्याहून, असे आम्ही दोघं तीन-तीन महिने इथं येतो. दोघांची तिकिटं एकदम काढलेली जावयाला सोयीची पडतात. मुलीची आई आणि मुलाचा बाप, एक घर, एक न्हाणीघर. आमच्याकडे हे ऐकून बायका तोंडाला पदर लावतात. पहिल्या वर्षी मीही त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर घेऊन बसत होते. पण जो माणूस सकाळी सहाला बनियनवर घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडत फिरतो त्याच्यासमोर पदर किती दिवस टिकणार? मी पदर सोडला आणि कानटोपी घातली. ते मला विहीणबाई म्हणतात, मी त्यांना व्याहीबुवा म्हणते. भांडतानासुद्धा एवढा मान आम्ही राखतो.

इथल्या थंडीला ते थंडी मानतच नाहीत. डिसेंबरात अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि सपाता घालून कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव आणायला जातात. रांगेतल्या म्हाताऱ्या कळवळून काहीतरी म्हणतात. त्यावर हे मान हलवून "या, या" म्हणतात, म्हणजे हो हो, आणि मग घरी येऊन मला ऐकवतात, "ही कसली थंडी, विहीणबाई? तिथं थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठायची."

"तुम्ही थुंकत कशाला होता?" मी विचारलं.

त्यांनी जाऊन खिडकी उघडली. गणिताचे मास्तर असल्यामुळे उत्तर नसलं की ते खिडकी उघडतात.

बस चार मिनिटं उशिरा आली तर इथले लोक घड्याळाकडे बघून उसासे टाकतात. व्याही त्यांना आपल्या मोडक्या जर्मनमध्ये सांगतात की आमच्या वस्तीत विमान नऊ-नऊ दिवस उशिरा यायचं आणि त्यात आलेला कांदा दगडासारखा असायचा. "आल्झो, म्हणजे तर मग, कांदा फोडायला हातोडी," असं म्हणून ते हवेत हातोडी मारून दाखवतात. एकदा एक बाई त्यांच्या शेजारची जागा सोडून पुढं जाऊन उभी राहिली. मलाही तिच्यामागं जावंसं वाटलं होतं, पण मग घरी कसं जायचं ते मला माहीत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, त्यांना सिनेमा दाखवायचं एक जुनं यंत्र मिळालं. पुण्याहून येताना त्यांनी आपली अकरा रिळं शर्टांच्या घड्यांत घालून आणली होतीच. माझ्या मुलीची चांगली चादर भिंतीला टाचण्या मारून लावली आणि खेळ सुरू झाला. ते यंत्र पिठाच्या गिरणीसारखं वाजतं. इथं रविवारी दुपारी आवाज करायचा नाही असा नियम आहे. वरच्या मजल्यावरची बाई तणतणत खाली आली. व्याह्यांनी तिला खुर्ची दिली, हातात चिवड्याची वाटी दिली आणि पाण्याच्या टाकीचं रीळ पहिल्यापासून लावलं. तीन मिनिटं नुसती टाकी. ती "छान आहे" अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेली आणि पुन्हा कधी तक्रार घेऊन आली नाही. परत दाखवतील, हीच भीती असणार. आमची नात नऊ वर्षांची आहे. तिला मराठी कळतं, पण बोलते जर्मन. ती आजोबांना जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. मला ती भाषा येत नाही, तरी ती काय म्हणाली ते मला कळलं. यात काहीच होत नाही, असंच म्हणाली असणार. मीही मराठीत तेच म्हणत होते.

गेल्या वर्षी मात्र मी एकदा दळण संपलं का बघायला गेले तर यंत्र चालू होतं आणि हे भिंतीला नाक लावून उभे होते. अकरा रिळं त्यांनी तीनदा लावली. मी म्हटलं, "काय हरवलंय का?" तर म्हणाले, "ही."

ही म्हणजे त्यांची बायको, माझ्या विहीणबाई. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. अकरा रिळांत बाई कुठंही नव्हती. सातव्या रिळात एका बाजूनं एक हातमोजा आत येतो आणि लगेच बाहेर जातो. तो तिचाच, असं व्याह्यांचं म्हणणं. फोटो दोन होते, एक लग्नातला आणि एक पासपोर्टचा, दोन्हींत बसलेली.

"ती चालायची कशी ते मला आठवेनासं झालंय, विहीणबाई," ते म्हणाले. "आवाज आठवतो. हात आठवतात. चालताना दिसत नाही."

"मग तेव्हा पिंपं कशाला काढत बसलात?"

"तिला कॅमेरा आवडायचा नाही. लाजायची."

मी "असेल" म्हणाले. पण यंत्र बंद करून चादर मी काढली, आणि घडी घालताना त्यांच्याकडे बघितलं नाही.

मग जावयानं शोधून काढलं की तिकडे उत्तरेला एक दफ्तर आहे. त्या वस्त्यांमधले घरोघरचे जुने सिनेमे आणि फोटो ते गोळा करतात, गावातल्या म्हाताऱ्यांना दाखवतात, हा कोण ती कोण विचारून नावं लिहितात आणि ज्यांचे त्यांच्या घरी प्रती देतात. व्याह्यांनी सगळी रिळं आणि फोटोंच्या प्रती पाठवल्या. सोबत विचारलं, की दुसऱ्या कुणाच्या घरच्या सिनेमात माझी बायको आहे का? मास्तरांची बायको म्हणून बायकोचं नाव, आडनाव सगळं कळवलं. तिथल्या बाईचं उत्तर आलं, की या नावाचं आमच्याकडे कुणी नाही. पण तुमच्या फोटोंतल्या माणसांची नावं पाठवाल का? इथल्या घरांत आपल्या गेलेल्या आईबापाचा एकही फोटो नसलेले पुष्कळ लोक आहेत.

नावं होती. प्रत्येक फोटोमागं विहीणबाईंनी शाईनं लिहिलेली होती. व्याह्यांनी तीन दिवस बसून ती इंग्रजीत उतरवली, अनुक्रमांक घातले आणि पाठवून दिली. आठवड्यानं त्या दफ्तरातल्या बाईनं मोबाईलवर समोरासमोर फोन लावला. माझी मुलगी मध्ये बसून आम्हाला सांगत होती. "बाबा, त्या म्हणतायत, यादी सगळ्या गावानं वाचली, पण कुणालाच कुणी ओळखू येत नाहीये. विचारतायत, म्हादू कोण? गोदाक्का कोण? आणि इस्माईल टांगेवाला कोण?"

मग प्रकार उजेडात आला. तिथली नावं विहीणबाईंच्या जिभेवर बसेनात. म्हणून त्यांनी ज्याचा तोंडवळा, ज्याची ढब आपल्याकडच्या ज्या माणसासारखी, त्याला त्याचंच नाव ठेवून टाकलं होतं. कुत्र्यांची गाडी हाकणारा तो इस्माईल टांगेवाला. कारण इस्माईलचाचा विहीणबाईंना लहानपणी टांग्यातून शाळेत सोडायचे. आणि पन्नास वर्षं घरात हीच नावं ऐकून व्याह्यांना खरोखर वाटत होतं की तिथल्या एका माणसाचं नाव म्हादू आहे!

मुलगी हसून हसून पलंगावरून घसरली. व्याही मात्र असे शरमले की दोन दिवस घरातली एक खिडकी उघडली गेली नाही. तिसऱ्या दिवशी मलाच घुसमटायला लागलं.

"चार वर्षं राहिलात आणि एकाचं खरं नाव विचारलं नाहीत?"

"वर्गातल्या मुलांची येत होती हो. मोठ्यांची... ही हाक मारायची म्हादू, तो ओ द्यायचा. मला वाटलं, झालं."

"ओ द्यायचा?"

"द्यायचा. सगळेच द्यायचे."

"मग कागद कशाला पाठवता? हाका मारा की."

मी चौथी शिकले. कागदाचं मला तेवढं कौतुक नाही. हाक एकदा कानात बसली की म्हातारपणीसुद्धा जात नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी मोबाईल समोर धरला आणि विहीणबाई जशा मारायच्या तशा एकेक हाका मारल्या. "ए म्हादू! गोदाक्का, अगं ए गोदाक्का! इस्माईलचाचा, थांबा की!" आम्ही दाराआड उभ्या होतो. मुलगी हसत नव्हती.

तिकडे त्यांनी गावातल्या मोठ्या खोलीत म्हाताऱ्यांना गोळा केलं, पडद्यावर फोटो लावले आणि या हाका वाजवल्या. इस्माईल टांगेवाल्याची मुलगी निघाली, म्हादूचे दोन नातू निघाले. आणि गोदाक्काची हाक झाली तेव्हा पुढच्या रांगेतली नव्वदीला टेकलेली एक बाई काठी टेकत उठली आणि म्हणाली, "मी."

तिनंच पुढचं सांगितलं. मास्तरांच्या बायकोचं नाव त्यांनाही कधी बोलता आलं नव्हतं. नऊवारी नव्हे, पाचवारी नेसून, निऱ्या बुटांत कोंबून ती बर्फावरून निघायची आणि रोज पडायची. म्हणून गावानं तिचं नाव ठेवलं होतं, पडणारी बाई. गोदाक्काच्या भावानं काढलेल्या एका रिळाच्या डब्यावर त्यांच्या भाषेत तेच लिहिलेलं होतं. तो डबा दफ्तराच्या फळीवर कित्येक वर्षं पडून होता.

सिनेमा आला तो शनिवार होता. व्याह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि अर्धा तास आधी कोचावर येऊन बसले. जावयानं टीव्हीवर लावलं. बर्फ दिसला, मासे टांगलेली दांडी दिसली, आणि अस्वलाएवढ्या कोटातून निळ्या पातळाचा काठ बाहेर काढून एक बाई आली आणि आल्या आल्या पडली. नात खदखदून हसली. बाई उठली, तीही हसत होती. सरळ कॅमेऱ्यापाशी आली, काचेत डोळा घालून बघितलं, जीभ काढून दाखवली. मग बाजूच्या एका ठेंगण्या बाईचे हात धरून तिनं बर्फावर फुगडी घातली. दोघी पडल्या. मग कुणीतरी तिला चालून दाखव म्हटलं असावं, कारण ती लांब गेली, कमरेवर हात ठेवला आणि नटीसारखी ठुमकत कॅमेऱ्याकडे चालत आली. परत गेली, परत आली. तिसऱ्यांदा तिला कुणी सांगितलंही नसेल, तरी आली.

"बाबा," माझी मुलगी हरखून म्हणाली, "आईंना तर कॅमेरा किती आवडायचा!"

पोरीच्या लक्षात आलं आणि तिनं ओठ चावला. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. मी ते कुणाच्याही तोंडावर टाकलं असतं, स्वतःच्या नवऱ्याच्या तर नक्कीच. व्याही पडद्याकडे बघत होते, आणि आता तिथं नुसता बर्फ होता. मी उठले आणि चहा टाकला. आतून त्यांचा आवाज आला, "परत लाव रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याआधी उठलेले होते, खिडक्या मात्र बंद होत्या. मी कणीक मळत होते. दारात उभे राहून म्हणाले, "उजवा पाय जरा बाहेर टाकायची."

"हो," मी म्हटलं. "मला दिसलं."

त्यानंतर त्यांनी मोबाईलवर सिनेमा काढायला सुरुवात केली आहे. सून दात घासताना, नात रुसून जिना चढताना, वरची बाई कचऱ्याचे डबे वेगवेगळे लावताना. माझी पोरगी वैतागते, दार लावून घेते. हे दाराबाहेर थांबून राहतात. परवा मी लसूण सोलत बसले होते, तर समोर येऊन मोबाईल धरला.

"विहीणबाई, इकडं बघा."

"माझ्यात काय बघायचंय? बाहेर बर्फ पडतोय, तो काढा."

"बर्फ पुष्कळ आहे माझ्याकडे," ते म्हणाले.

मी केस सारखे केले आणि लसूण सोलत राहिले.