न्यायाधीशांसाठी दिलेलं मत

विमान खाली उतरू लागलं तेव्हा समुद्रात जहाजंच जहाजं दिसली. इतकी, की पाण्यावर कोणी गाव वसवलंय असं वाटावं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पहिल्यांदाच सिंगापूर का? मजा करा." मी नुसती मान हलवली.

मी मजा करायला निघाले नव्हते. माझा धाकटा भाऊ मिलिंद आणि त्याची बायको सुजाता वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेत होते, तिथलेच नागरिक झाले. त्यांचा एकुलता एक मुलगा राहुल तिथल्या सैन्यात भरती झाला आणि बाविसाव्या वर्षी इराकमध्ये मारला गेला. त्या वेळी मला वेळेत व्हिसा मिळाला नाही. पुढे ते घरच त्यांना नकोसं झालं. मिलिंदने सिंगापूरची नोकरी धरली. नागपूरच्या कोर्टातली माझी स्टेनोची नोकरी संपली आणि २००८च्या ऑक्टोबरात, राहुल जाऊन दोन वर्षं झाल्यावर, मी त्यांना भेटायला येत होते.

विमानतळावर मिलिंदला मी आधी ओळखलंच नाही. केस पार पांढरे झाले होते. "ताई, थकलीस का?" एवढंच तो म्हणाला. एमआरटीत (शहरातली रेल्वे) बसल्यावर मी सवयीने पिशवीतून चिवड्याची पुडी काढली, तर त्याने घाईने माझ्या हातावर हात ठेवला. "इथे खायला मनाई आहे." समोरची चिनी म्हातारी तोंडावर हात धरून हसली. मला लाजही वाटली आणि, का कोण जाणे, बरंही वाटलं. निदान कोणीतरी हसलं होतं.

क्लेमेंटी नावाच्या भागात, दहाव्या मजल्यावर त्यांचा भाड्याचा फ्लॅट. समोरच्या इमारतींच्या खिडक्यांतून बांबू बाहेर काढलेले आणि त्यांवर कपडे वाळत घातलेले. घरात राहुलचा एकही फोटो नव्हता. सुजाताने वरण-भात आणि वांग्याची भाजी केली होती. जेवताना दोघंही माझ्याशी बोलत होती, एकमेकांशी नाही.

मिलिंद केमिकल इंजिनिअर. सकाळी कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला (तेलशुद्धीकरणाचे कारखाने असलेलं बेट) जायचा. तिथे पास असल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. दिवसभर मी आणि सुजाता. ती बोलायची ती भाजी, हवा, बस यांवर. एकदा मी एकटीच लिटिल इंडियाला पोहे आणायला गेले. झेंडूच्या माळा, कढीपत्ता, मसाल्यांचा वास. क्षणभर आपल्याकडच्या बाजारात असल्यासारखं वाटलं. परतीला मात्र चुकीच्या थांब्यावर अर्धा तास उभी राहिले. शेवटी एका बाईने माझ्या हातातला पत्त्याचा कागद वाचला. "आंटी, राँग साइड लाह," असं इथल्या बोलीतला 'लाह' जोडून म्हणत ती मला हाताला धरून पुलावरून पलीकडे घेऊन गेली आणि बस येईपर्यंत थांबली. घरी हे सांगितल्यावर सुजाता म्हणाली, "इथे माणसं चांगली आहेत, ताई. कोणी काही विचारत नाही."

शनिवारी मिलिंद मला हॉकर सेंटरला (एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्या) घेऊन गेला. तिथे त्याचा अमेरिकेपासूनचा मित्र कार्ल भेटला. आता इथल्या विद्यापीठात शिकवणारा, उंच, टक्कल पडलेला अमेरिकन. दोघंही लिबर्टेरियन, म्हणजे सरकारने माणसाच्या घरात, कामधंद्यात, विचारात कमीत कमी हात घालावा असं मानणारे. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती आणि परदेशातल्या नागरिकांना मतपत्रिका टपालाने आल्या होत्या.

"सोपं आहे," कार्ल नूडल्स गुंडाळत म्हणाला. "आपला पक्ष छोटा आहे, आपण हरणार. तरी मत आपल्यालाच."

"आणि न्यायाधीश?" मिलिंदने विचारलं. मग मला समजावून सांगितलं. "ताई, तिथे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतो. तो चार-आठ वर्षांत जातो, ते मरेपर्यंत बसतात. म्हणून आमच्यातले बरेच जण उमेदवाराला मत देताना खरं तर त्याच्या न्यायाधीशांना मत देतात."

"कोणाच्या न्यायाधीशांना?" कार्ल म्हणाला. "एका पक्षाचे तुझं घर राखतील, पण सरकारला तुझे फोन ऐकू देतील. दुसऱ्याचे उलट. अर्धं स्वातंत्र्य इकडे, अर्धं तिकडे. मिलिंद, मागच्या वेळीही मी तुला हेच सांगितलं होतं."

मिलिंदने हातातला चमचा खाली ठेवला. आम्ही उसाचा रस तसाच टाकून उठलो.

परत चालत येताना मिलिंद बोलू लागला. "तुला आठवतं, ताई? आपली वस्ती पाडायला आले होते?"

न आठवायला काय झालं? बाबा गिरणीत कामाला होते. रस्त्यासाठी आमची घरं पाडायची ठरली होती, सामान अंगणात काढून झालं होतं, आणि वकील कोर्टाची स्थगिती घेऊन सायकलवरून आला होता.

"एका न्यायाधीशाच्या सहीने आपलं घर राहिलं. सरकारला कोणी थांबवू शकतं ते मी तेव्हा पाहिलं. म्हणून चार वर्षांपूर्वी मी पक्ष सोडून त्याला मत दिलं, ज्याने युद्ध सुरू केलं होतं. ते युद्ध मला मान्य नव्हतं. पण त्याचे न्यायाधीश बरे असतील असं वाटलं. राहुल तेव्हा भरती झालेला होता, ताई. मी न्यायाधीशांसाठी मत दिलं आणि युद्धही त्याच मतात गेलं. वेगळी खूण करायला जागा नसते."

मी त्याचा हात धरला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तू तीस वर्षं न्यायाधीशांसमोर बसलीस. खुर्चीवर बसल्यावर माणूस कसा वागेल ते आधी कळतं का?"

खोटं बोलायला हवं होतं. पण सवय नव्हती. "नाही रे," मी म्हणाले. "ज्यांना कडक म्हणायचे ते रडताना पाहिलेत. ज्यांच्याकडून आशा होती त्यांनी साधा अर्जही ऐकला नाही. आधी कळत नाही."

"म्हणजे ज्याच्यासाठी दिलं, तेही धड माहीत नव्हतं," तो म्हणाला. घर येईपर्यंत मी स्वतःला शिव्या देत राहिले.

रविवारी सकाळी तो मतपत्रिका घेऊन टेबलाशी बसला. त्यांच्या राज्याच्या नियमाप्रमाणे पाकिटावर एका साक्षीदाराची सही लागत होती. "ताई, तू करशील?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"सुजाता आहे ना घरात."

"तिला कोणत्या तोंडाने सांगू? ती या विषयावर माझ्याशी बोलत नाही. दोष देते. बरोबरच आहे तिचं."

सुजाता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पदराला पुसत ती आली आणि खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली.

"मी दोष देत नाही तुम्हाला," ती म्हणाली. "मीही त्यालाच मत दिलं होतं."

मिलिंदने मतपत्रिका बाजूला सरकवली.

"तुम्ही न्यायाधीशांचं सांगत होतात, ते मी ऐकलंही नव्हतं. मला वाटलं, ज्याने पोरांना पाठवलंय तोच त्यांना परत आणेल. नवीन माणसाला काय त्यांचं? असं वाटलं मला. आईला असं वाटलं! तुम्ही स्वतःला दोष देत होतात आणि मी गप्प बसले. मला सांगता येईना. दोन वर्षं सांगता येईना."

मिलिंद उठला, पण तिच्यापर्यंत पोचायच्या आतच खाली बसला, फरशीवरच, आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडू लागला. मी गॅलरीत गेले. खाली मैदानात म्हाताऱ्या बायका संगीतावर हात हलवत व्यायाम करत होत्या. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

बऱ्याच वेळाने आत आले तर पाकीट बंद झालं होतं, सुजाताची सही झाली होती. "जो सैनिकांना परत आणतो म्हणतो, त्याला दिलं," मिलिंदने आपण होऊन सांगितलं. "त्याचे न्यायाधीश माझ्या मताचे नसतील. नसू देत." संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून ते टपालपेटीत टाकलं. कार्लने फोनवर पुष्कळ वाद घातला. मिलिंदने ऐकून घेतलं.

चार दिवसांनी मी निघाले. नागपुरात सगळे विचारत होते, काय काय पाहिलंस? मी जहाजं सांगितली, झाडं सांगितली, स्वच्छ रस्ते सांगितले. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे निकाल टंकले. प्रत्येकात कोणीतरी दोषी ठरायचा नाहीतर सुटायचा. या दोघांना तसं कोणी सोडवू शकणार नाही. आता एवढंच झालं होतं की दोघांना एकमेकांचं कळलं होतं.

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी मिलिंदचा फोन आला. त्याचा माणूस जिंकला होता.

"बरं वाटलं का रे?" मी विचारलं.

"नाही, ताई," तो म्हणाला. "आमच्या राज्यातले तेव्हाचे आणि आताचे आकडे पाहिले. आमच्या दोघांच्या मतांनी तेव्हाही काही बदललं नसतं, माझ्या मताने आताही नाही. तरी बरं वाटत नाही." मग त्याने फोन सुजाताकडे दिला.

"ताई, राहुल लहानपणी कसा होता ते तुम्हाला फारसं माहीतच नाही ना? लांबच राहिलात तुम्ही."

"सांग ना," मी म्हणाले, आणि फोनजवळ स्टूल ओढून बसले.